सरदाराची वाक्यं

मी सूड घेतला. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी बाईने मोठ्या मनाने माफ केलं असेल या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

मी जत्रेच्या नाटकांतली नटी. कर्जत-खालापूरकडच्या गावांत हौशी मंडळं वर्षातून एकदा नाटक करतात. पुरुषांच्या भूमिका गावातलीच माणसं करतात आणि बायकांच्या भूमिकांसाठी आमच्यासारखीला बाहेरून बोलावतात. आम्ही तालमींना नसतो. नाटकाच्या दिवशी पोचायचं, नऊवारी नेसायची आणि यंदा सरदार कोण, दिवाण कोण ते बघून घ्यायचं. त्यामुळे आपली वाक्यं पाठ असून भागत नाही, समोरच्याचीही असावी लागतात. गावातला नट भातशेती, दूध, दुकान सांभाळून पाठ करतो आणि अर्धं विसरतो. तो अडला की नटीने पदराआडून पुढचं वाक्य द्यायचं. हे कुणी शिकवत नाही. दिलं नाही तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही, एवढंच.

कडावजवळच्या एका मंडळाचे अध्यक्ष मात्र अर्धं विसरायचे नाहीत, कारण मुळात पाठच करायचे नाहीत. वीस वर्षं मी स्टेजवर त्यांची बायको होते. आधी एक प्रॉम्प्टर असायचा. त्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू जातो म्हणून अध्यक्षांनी त्याला काढून टाकलं. "बाई हायेत ना," म्हणाले. सरदार लढाई जिंकून येतो आणि बायको त्याला ओवाळते, हा त्यांचा लाडका प्रवेश. नाटक कुठलंही असो, तो घुसवायचेच. तबक एकदा फिरवलं की मी एक वाक्य द्यायची, दुसऱ्यांदा फिरवलं की दुसरं. डोक्यावर माइक टांगलेला, म्हणून मान खाली घालून, ओठ न हलवता कुजबुजायचं. लोकांना वाटे, बाई किती छान लाजते! टाळ्या सरदाराला पडायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं, काम होतं ते माझं.

मग लॉकडाऊन लागला. जत्रा गेल्या, नाटकं गेली. खोपोलीतल्या एका खोलीत मी आणि आई. आईला हृदयाचा त्रास, गोळ्या रोजच्या. दुसऱ्या महिन्यात डबे वाजायला लागले, तेव्हा शेजारच्या किराणावाल्या चाचांनी काही न विचारता पिशवी भरून दिली. पण गोळ्या किराणा दुकानात मिळत नाहीत. आईने एका गोळीचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. मला दिसू नये म्हणून ती माझ्याकडे पाठ करून तोडायची.

तेवढ्यात कळलं की शहरातली एक संस्था रंगमंचावरच्या कलाकारांना मदत करते आहे. शिधा, औषधपाणी, सगळं. अट एकच होती: आपण कलाकार आहोत असं एखाद्या नोंदणी झालेल्या मंडळाच्या लेटरहेडवर लिहून आणायचं. मी इतक्या मंडळांत कामं केली, पण लेटरहेड असलेलं मंडळ एकच, अध्यक्षांचं.

फोन ते उचलेनात. दुधाच्या टेंपोला पास होता, म्हणून परत जाणाऱ्या रिकाम्या कॅनांच्या मधे बसून मी गेले. अध्यक्ष फाटकाच्या आत उभे राहिले, मी बाहेर.

"अगं, बाई आल्यात, पानी आन गं," त्यांनी घरात हाक मारली. मग लगेच, "नको, ऱ्हाऊ दे. कोरोना हाय."

मी पत्राचं सांगितलं.

"पत्र कसं देनार, बाई? ते मंडळाच्या कलाकारांना. तुमी तर भाड्यानं येता."

"वीस वर्षं येते आहे."

"मांडववाला बी वीस वर्सं येतोय. उद्या त्यो पत्र मागंल. त्याला काय कलाकार म्हनू?"

मी आईच्या गोळ्यांचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं. "बघू," म्हणाले, आणि हनुवटीवरचा मास्क नाकावर चढवून आत गेले.

आठवड्याने मोबाइलवर फोटो आला. देवळासमोर सात पुरुष, प्रत्येकाच्या हातात त्याच संस्थेच्या मदतीची पिशवी. मधे अध्यक्ष, डोक्याला सरदाराचा फेटा. फोटोसाठी खास बांधला होता! शेजारी त्यांचा मेहुणा. हा मेहुणा दरवर्षी भाला घेऊन दारात उभा राहतो आणि सगळ्या नाटकात त्याला दोनच शब्द असतात: "जी, सरकार." तो कलाकार आणि मी मांडववाली.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे हायवेवर ट्रक सुरू झाल्यावर चौक गावच्या एका ढाब्यावर मी चपात्या लाटायला लागले. कणकेच्या प्रत्येक गोळ्यावर पहिली बुक्की अध्यक्षांच्या नावाने मारायची. चपात्या मऊ व्हायच्या असं ढाबेवाला म्हणायचा. औषधाच्या गोळ्या पुन्हा पुऱ्या मिळायला लागल्या, पण आई त्या दिवसांत अंथरुणाला लागली ती लागलीच. आज तिला भिंतीला धरून मोरीपर्यंत जायलासुद्धा माझा हात लागतो. त्या एका पत्रामुळे ती धडधाकट राहिली असती, असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी म्हणते.

सगळं उघडल्यावर अध्यक्षांचा फोन आला. यंदा नाटक भरदुपारी होतं, कारण मदत देणाऱ्या संस्थेच्या मॅडम येणार होत्या आणि त्यांना लवकर परतायचं होतं. महामारीत कलाकारांना आधार दिला म्हणून त्या अध्यक्षांचा सत्कार करणार होत्या. पहिला अंक, सत्कार, मग दुसरा अंक.

"येनार ना, बाई? तुमच्याबिगर नाय जमनार."

"येते की," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात की आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

शाळेचं पटांगण भरलं होतं. मॅडम पहिल्या रांगेत, मांडीवर वही. पडदा उघडण्याआधी त्यांनी माइकवर सांगितलं की राहून गेलेल्या कलाकारांची दुसरी यादी आजच करायची आहे, मंडळाने नावं द्यावीत. मग अंक सुरू झाला. सरदार लढाई जिंकून आले. मी तबक घेऊन पुढे झाले, मान खाली घातली आणि तबक फिरवलं.

तोंड उघडलं नाही.

सरदार थांबले. मी दुसऱ्यांदा फिरवलं. सरदारांनी खाकरून घेतलं, तलवार या हातातून त्या हातात घेतली. तिसऱ्यांदा फिरवलं. मग ते हळूच म्हणाले, "बाई, बोला ना." कुजबुजताना मान खाली घालायची असते हे त्यांना कुठलं ठाऊक? वरच्या माइकने ते उचललं आणि भोंग्यातून अख्ख्या गावाने ऐकलं, "बाई, बोला ना. फुडं काय हाय?"

पटांगण हसायला लागलं. दारातला मेहुणा घाबरून ओरडला, "जी, सरकार!" मग तर म्हातारे लोक टोप्या काढून डोळे पुसायला लागले. मी ओवाळतच राहिले. निरांजन विझलं तरी ओवाळत राहिले. वीस वर्षांत कुठल्याच प्रवेशात मला इतका आनंद झाला नव्हता. खोटं कशाला बोलू? शेवटी कुणीतरी पडदा ओढला.

मेकअपची खोली म्हणजे तिसरीचा वर्ग. मी बाकावर बसले होते. बाहेर घाईत सत्कार उरकून अध्यक्ष आत आले, घामाने मिशी एका बाजूने सुटलेली. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी कागद पुढे केला.

"झालं गेलं सोडा, बाई. दुसऱ्या अंकात सांबाळून घ्या, लई लाज जाईल. ह्ये बघा, पत्र आनलंय. आत्ता मॅडमच्या हातात देतो, तुमच्यासमोर."

लेटरहेड, सही, ओला शिक्का. 'या आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ कलाकार असून गेली वीस वर्षे' वगैरे, मी फाटकाबाहेर उभी राहून मागितलं होतं ते सगळं. मला ते हवं होतं. आईसाठी अजूनही हवं होतं. मी पुढचा अंक करायला तयार होते, हेही कबूल करते. पण 'श्रीमती'च्या पुढे नुसती टिंबं होती.

"नाव राहिलं," मी म्हटलं.

"हां, हां," म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद बाकावर ठेवला आणि टिंबांवर पेन टेकवलं. ते तसंच टेकलेलं राहिलं. मग त्यांनी मान वर केली.

"बाई," ते म्हणाले, "नाव काय लिवू?"

वीस वर्षं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मेले आहे, त्यांच्या मागे सती गेले आहे, त्यांच्या शेकडो वाक्यांचा भार वाहिला आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस मला मोजत नाही. मी कोण ते त्याला माहीतच नव्हतं.

"पोस्टरवर असेल," मी म्हटलं. "बघून या."

ते खरोखरच बघायला गेले. शाळेच्या फाटकावरचं पोस्टर मी येताना वाचलं होतं. सगळ्या पुरुषांची नावं होती, हुद्द्यांसकट, मेहुण्याचंसुद्धा. आणि अगदी खाली: 'सोबत मुंबईच्या सुप्रसिद्ध अभिनेत्री.'

मी नऊवारी सोडली, तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. पत्र बाकावरच राहिलं. रस्त्याला रिक्षा मिळाली. भोंगा लांबपर्यंत ऐकू येत होता: थोड्याच वेळात दुसरा अंक सुरू होईल. थोड्या वेळाने पुन्हा तेच, मग पुन्हा तेच.

"दादा, जरा हळू चालवा," मी रिक्षावाल्याला म्हटलं. "मला ऐकायचं आहे."