न हसणारा हंस

डिपेंडंट व्हिसावर बायकोला नोकरी करायला बंदी होती, पक्षी बघायला नव्हती. अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात तिने तिथलं पक्षीमंडळ गाठलं, आणि आमच्या घरात माझ्यापेक्षा बदकांना जास्त मान मिळू लागला.

२००४ च्या जानेवारीत मंडळाबरोबर किनाऱ्याकडे गेली असताना तिला हजारो स्नो गीजमध्ये एक रॉस गूज दिसला. त्या भागात दुर्मीळच. दोघेही पांढरेशुभ्र हंस. पण स्नो गूजच्या चोचीच्या कडेला काळी रेघ असते, त्यामुळे तो कायम कुत्सित हसल्यासारखा दिसतो; रॉस अंगाने लहान, चोच आखूड, आणि हसत नाही. ती दाखवेपर्यंत थवा उडाला. मंडळाचे प्रमुख, एक सत्तरीचे आजोबा, ‘कदाचित’ एवढंच म्हणाले. त्या ‘कदाचित’पायी ती आठवडाभर जेवली नाही. म्हणजे भात जेवली नाही, पोळी खाल्ली.

पुढच्या शनिवारी मंडळाबरोबर मीही गेलो. अख्ख्या कोल्हापूरचं दूध एका शेतात सांडावं, तसं ते शेत. गलका असा की माझ्या पोटातला उपमा थरथरला. तिने स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावला तो काढीचना. थंडीने माझे कान गळून पडले, मी ते उचलून पुन्हा लावले, तरी ती तशीच.

मग एकदम मराठीत सुरू झाली. तिचं इंग्रजी उत्तम, पण घाई झाली की ते मागे पडतं.

“सांग त्यांना. मक्याच्या मोडक्या धाटाच्या डावीकडे, झोपलेत त्या दोघांच्या मागे. आणि हे बघ, तू फक्त ट्रान्सलेट कर, भर घालू नकोस.”

मोह फार झाला. निदान एखादा गरुड तरी घालावासा वाटला. पण तिचा आवाज कापत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकलं तेवढंच सांगितलं: धाट, डावीकडे, झोपलेले दोघे.

आजोबांनी आपली दुर्बीण वळवली. फोकस पुढे-मागे फिरवत राहिले. तेवढ्यात मी तिच्या बाजूने दोन-तीन भांडणं मनातल्या मनात जिंकलो. मग ते हलकेच म्हणाले, “आहे.”

बाकीचे रांगेने तिच्या दुर्बिणीतून बघून गेले. मलाही दिसला: गोल डोक्याचा, गंभीर, ऑडिटला आल्यासारखा.

आजोबा मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी आपली दुर्बीण दूरच्या पाण्यावर रोखली, मग बाजूला होऊन तिला जागा करून दिली.

“मॅडम, तो पलीकडचा काळपट कोण असेल? मला खात्री नाही.”