पैदल साहब

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार वसंतराव पेंडसे यांचे. लखनौत महानगर नावाच्या वस्तीत राहणाऱ्या या बँक मॅनेजरना निशातगंजचे रिक्षावाले ‘पैदल साहब’ म्हणत, कारण ते कधी रिक्षात बसले नाहीत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बरोबर चालताना ते नेहमी अर्धे पाऊल मागे राहत. म्हणायचे, “तोंडासमोर तोंड आलं की माणूस खोटं बोलतो.”

मी बार्शीचा. वडील आडत बाजारात हमाल. घरात पदवी घेणारा मी पहिला. बँकेत अधिकारी म्हणून निवड झाली तेव्हा गल्लीने माझा सत्कार केला होता. लखनौला रुजू झालो आणि चारच महिन्यांत निशातगंजच्या खोलीत दार लावून पडलो. जेवण नाही, अंघोळ नाही, कामावर जाणे नाही. आता जगायचे नाही, एवढेच डोक्यात होते. घरमालकाला वाटे, सगळे मराठी लोक एकमेकांचे नातेवाईकच. तो काकांना शोधत गेला आणि म्हणाला, “साहब, आपका लड़का दरवाज़ा नहीं खोलता.” काकांनी मला कधी पाहिलेही नव्हते. तरी ते आले आणि मी दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिले.

पुढे तीन महिने ते रोज सकाळी मला चालायला नेत. उपदेश कधी केला नाही. आज पुलापर्यंत, उद्या पुलाच्या पलीकडे, एवढेच. दर शनिवारी मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेत. एकदा तिथल्या बाकावर बसलो असताना लखनौतल्या आमच्या मराठी गणेशोत्सव मंडळाचे सचिव दिसले. ते शेजारच्या दातांच्या दवाखान्यात आले होते. मी उठून निघू लागलो. काका सहज म्हणाले, “मलाच दाखवायचंय हो. हा बिचारा सोबतीला आलाय.” आठवड्याभरात सगळ्या मराठी घरांत झाले की पेंडश्यांचे डोके फिरले आहे. काकांनी ते कधी खोडले नाही. मीही नाही.

काही वर्षांनी महानगरमधल्या एका मराठी घरातल्या मुलीने जीव दिला. घरच्यांनी ताप सांगितला, आम्ही सर्वांनी तापच ऐकला. तेव्हा काकांनी मंडळात पदयात्रेची कल्पना मांडली. लोकांनी चालायचे, देणग्या जमवायच्या, आणि डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा बसतील अशी एक खोली भाड्याने घ्यायची. सचिव म्हणाले, “काढा तुमची यात्रा, पण फलकावर ‘आत्महत्या’ नको. आमच्या मुलींची लग्नं व्हायचीत. आणि खरं सांगू का पेंडसे, ज्याचं दुखतं तोच ओरडतो.” लोक हसले. मी खाली पाहत बसलो.

शेवटी फलकावर ‘आरोग्यासाठी चाला’ आले. मिरवणूक म्हटली की मंडळाला एकच प्रकार ठाऊक, त्यामुळे पुढे लेझीमही आले. एका सब्जीवाल्याने विचारले, “बाबूजी, किसकी बारात है?” काका म्हणाले, “जो घर से निकल नहीं पाता, उसकी.”

यात्रेनंतरच्या सभेत मी बोलावे असे त्यांनी आधीच सांगितले होते. “दोनच वाक्यं. आजारी होतो, बरा झालो. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही रे, मला ते वेडाच समजतात. तुझ्यावर ठेवतील.” मी होकार दिला होता. पण तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि मुलीचे मामा दुसऱ्या रांगेत बसले होते. मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “माझा एक मित्र आजारी होता.”

परत येताना काका नेहमीसारखे अर्धे पाऊल मागे होते. म्हणाले, “मित्राला सांग, छान बोलला म्हणावं.”

पुढच्या वर्षीच्या यात्रेत चौघे होते: काका, काकू, डॉक्टरीणबाई आणि एक रिक्षावाला. खोली कधी झाली नाही. माझे लग्न मात्र झाले. मामा चौकशीला गेले तेव्हा काकांनी सांगितले होते की मुलगा गुणी आहे, न कंटाळता चालतो.

पुढे माझी नागपूरला बदली झाली. काका गेल्याचे मला तिथे उशिरा कळले. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी एक पाकीट हातात दिले. म्हणाल्या, “हे तुम्हाला परत द्यायला सांगितलं होतं. कुणाच्या हाती पडायला नको म्हणाले.”

मी आजारी होतो आणि बरा झालो. हे आता लिहून कोणाला काय उपयोग, मला माहीत नाही. पाकिटात माझेच पत्र होते. ते जसेच्या तसे देतो.

तीर्थस्वरूप काकांस, शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या आशीर्वादाने माझे लग्न ठरत आले आहे. मुलीचे मामा आपल्याकडे चौकशीस येतील. त्या तीन महिन्यांचा उल्लेख कृपया करू नये. दवाखान्याबाबत मंडळात जो समज आहे तो तसाच राहिल्यास बरे. आपले वय झाले आहे, आपल्याला त्याने फारसा फरक पडणार नाही. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

सोबत पदयात्रेसाठी देणगी पाठवत आहे. पावतीवर माझे नाव घालू नये.

आपला,
आज्ञाधारक