ताईचं ऑपरेशन आणि साडूंचा संताप

चेन्नईजवळच्या अख्ख्या आवडी गावात आमच्या साडूंइतका संतापी माणूस नाही, आणि देवाच्या कृपेने दुसरा होऊही नये. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते रणगाड्यांचे गिअरबॉक्स जोडून घेतात. क्वार्टर्समध्ये पाणी उशिरा आलं की भांडतात, वेळेवर आलं तर गढूळ म्हणून भांडतात. तमिळ उत्तम येतं, पण राग आला की मराठीच. एकदा इडली गार निघाली म्हणून त्यांनी हॉटेलवाल्याला अस्सल सातारी शिव्या हासडल्या. तो बिचारा मुकाट्याने गरम इडल्या घेऊन आला.

ताईच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, स्वादुपिंडावर गाठ निघाली तेव्हा मात्र त्यांनी कहर केला. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमचे डॉक्टर म्हणाले, "सार्, हे शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातच करा." झालं! "माझं अपेंडिक्स काढलंत, हिची पित्ताची पिशवी काढलीत, आणि आता हात झटकता?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "असलं ऑपरेशन माझ्याकडे दोन वर्षांत एखादं येतं. तिथे रोज होतं." साडू ऐकतील तर शपथ! आठवडा हट्टात घालवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई पिवळी पडत चाललीय आणि या गृहस्थांना कोपऱ्यावरची पाटी सोडवत नाही!

शेवटी ताईच कडाडली, "दोन वर्षांत एक गिअरबॉक्स जोडणाऱ्याला तुम्ही पाना तरी धरू देता का हो?"

साडू उठले आणि बॅग भरायला लागले.

मोठ्या हॉस्पिटलात ताईचं टोकन झालं. जो तो नंबर पुकारणार. "हिला नाव आहे!" साडू गरजले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीही त्यांच्या बाजूने ओरडलो. असली ऑपरेशनं रोज करणारे हात एका जागी आणलेत, फार चांगलं केलंत. पण माणसाला नावाने हाक मारायला काय धाड भरते?

ताईला आत नेलं आणि साडूंचा आवाजच गेला. वॉचमन म्हणाला पाय आत घ्या, तर घेतले. ऑपरेशन नीट झालं, असं सर्जन सांगून गेले, तरी हे गप्पच. एकालाच भेटता येणार होतं. "तुम्ही जा," ते म्हणाले. "मला त्या नळ्या बघवायच्या नाहीत."

ताईने डोळे उघडले. "हे कुणाशी भांडतायत?"

"कुणाशीच नाही. गप्प बसलेत."

तिचे डोळे भरून आले. "त्यांना जाऊन सांगा," ती म्हणाली, "म्हणावं, मी आहे."