फोनला लावलेलं कुलूप

माझी धाकटी बहीण फर्दापूरजवळच्या एका वाडीत दिली आहे. सासरची माणसं मेंढरं राखणारी. घरात मोठा फोन एकच, आणि तो भिंतीतल्या कोनाड्यात असतो. मी व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवला, की संध्याकाळी तो सगळ्यांदेखत मोठ्यानं लागतो. सासू-सासरे ऐकतात, नवरा ऐकतो, दीर ऐकतो, पीठ मागायला आलेली शेजारीणही ऐकून जाते. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नसतं. बहिणीची खुशाली म्हणजे घराची खुशाली, असा तिथला रिवाज.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. निम्मी मेंढरं विकली आणि बहिणीचे दिवस टँकरची वाट बघण्यात जाऊ लागले. मी शहराच्या नव्या टोकाला मेस चालवते. कंपन्या वाढल्या, पोरं राहायला आली, डबे वाढले, हात कमी पडायला लागले. पाणी आमच्याकडंही टँकरचंच, पण दारात येणारं. बहिणीनं यावं असं मला वाटे. मदतीला, असं मी सांगत असे. खरं तर तिच्या लग्नानंतर आम्ही दोघीच अशा कधी बसलो नव्हतो.

संक्रांतीला ती तो फोन घेऊन आली, तेव्हा मी आमच्या चॅटला कुलूप लावून दिलं. कुलूप लावलं की ते यादीत दिसत नाही, आणि उघडायचा आकडा फक्त तिला ठाऊक. मग ती फोन घेऊन पाण्याला जायची आणि तिथून बोलायची. इतकं बोलायची की पोळ्या लाटता लाटता माझी तव्यावरची पोळी करपायची. एकदा म्हणाली, "आक्का, मी येऊ का तुझ्याकडं? ऱ्हायलाच." मी कळवलं, ये, मागची खोली रिकामी केली आहे, सासूबाईंशी मी बोलते.

त्याआधीच घोळ झाला. बरेच दिवस माझा आवाज लागला नाही म्हणून सासूबाईंनी फोन शोधायला लावला. यादीत माझं नावच नाही. त्यांना वाटलं, आम्हा बहिणींचं भांडण झालं. त्या तिची समजूत घालायला बसल्या, थोरल्या बहिणीवर राग धरू नये म्हणून. तिला ते ऐकवेना. तिनं सगळ्यांसमोर कुलूप उघडलं.

"घराला कधी कुलूप लावलं नाय आपण," सासूबाई म्हणाल्या, "आन फोनला लावलं व्हय?"

मग रिवाजाप्रमाणं सगळं मोठ्यानं लागलं. कुणी ओरडलं नाही. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि निकाल दिला: खोली रिकामी आहे, काम आहे, तर धाकटा जाईल. सून गेली तर घरचं पाणी कोण भरणार?

आठवड्याभरात दीर पिशवी घेऊन दारात उभा. माणूस चांगला आहे. कांदा बारीक चिरतो, डबे वेळेवर पोचवतो, तक्रारीला जागा नाही. मागच्या खोलीत झोपतो.

संध्याकाळी तो घरी व्हिडिओ कॉल लावतो. सगळ्यांचं बोलून झालं की फोन बहिणीच्या हातात येतो. इकडं दीर शेजारी, तिकडं सासूबाई शेजारी.

"बरी हायस का, आक्का?"

"बरी आहे."

काल तिच्या गालावर उन्हाचा काळा डाग दिसला. मागं नव्हता. डोळेही ओढलेले वाटले. मी विचारलं, आज टँकर आला का. ती म्हणाली, आला.