आईच्या बंद नंबरचा ओटीपी

भूत, भानामती, करणी... यातलं काहीही मला कधी पटलेलं नाही. घरात कुणाची दृष्ट काढायला लागले की मी उठून दुकानात जाऊन बसतो. निपाणीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं. त्यामुळे हे वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. माझं डोकं वेगळ्याच गोष्टीनं फिरलंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या पावसाळ्यात हिंडलग्याला माझ्या बहिणीकडे राहायला गेले होते. तिथं ताप चढला, धाप लागली, कुणाला ओळखेनात. बहिणीनं त्यांना बेळगावात एका मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं. मी निपाणीहून पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरून उभ्याच होत्या.

"थांबा!" मी ओरडलोच. "मागं कोल्हापुरात एका इंजेक्शननं ह्यांचा श्वास बंद पडलता. मरता मरता वाचलेत."

"कुठलं इंजेक्शन? नाव सांगा."

नाव मला कुठं माहीत होतं? त्या वेळी दवाखान्याचं सगळं आईनं बघितलं होतं, आणि आई आदल्या दिवाळीनंतर गेली.

"न्युमोनिया आहे, बीपी उतरतंय," बाई म्हणाल्या. "जास्त वेळ थांबता येणार नाही मला. पण दिलं आणि नेमकं तेच निघालं तर?"

त्यांची काही चूक नव्हती. चूक कोल्हापूरच्या हॉस्पिटलची. डिस्चार्जच्या वेळी कागदाचा कपटासुद्धा दिला नव्हता त्यांनी. 'आम्ही पेपरलेस आहोत, सगळं ऑनलाइन, देशात कुठंही उघडा' – केवढी ती मिजास! बेळगावच्या कॉम्प्युटरवर ते उघडेना. इकडचं सॉफ्टवेअर वेगळं, तिकडचं वेगळं. आमच्या भागातनं ऊस सीमेपलीकडे महाराष्ट्रात जातो, दूध जातं, पोरी नांदायला जातात... आणि माझ्या बापाला कुठलं औषध चालत नाही, एवढी एक ओळ इकडे येत नाही!

कोल्हापूरला फोन लावला. रेकॉर्ड विभागातला माणूस म्हणाला, "मेल करतो की, साहेब. रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

रजिस्टर्ड मोबाइल आईचा. रोमिंगचे पैसे पडायचे तेव्हापासून आमच्याकडे घरोघरी दोन सिम – एक कर्नाटकचं, एक महाराष्ट्राचं. महाराष्ट्राचं आईकडे, म्हणून कोल्हापुरात सगळीकडे तिचाच नंबर दिलेला. ती गेल्यावर रिचार्ज कोण करणार? सिम बंद पडलं. तरी वेड्यासारखा मी तो नंबर लावून बघितला. 'हा नंबर अस्तित्वात नाही.'

"ओटीपीशिवाय सिस्टीम उघडत न्हाय, साहेब. पेशंटचा कन्सेंट लागतोय."

"पेशंट बेशुद्ध हाय रं!"

"मग नंबर बदलून घ्या. पेशंटनं आधार कार्ड घेऊन समक्ष यायला लागंल."

पुढे मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बहिणीनं हातातला फोन काढून घेतला. गुप्तता पाहिजे, मान्य. माझं दुखणं गावभर झालेलं मलाही आवडणार नाही. पण जीव चाललेल्या माणसाची माहिती त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच द्यायची नाही, यात तुम्ही कुणाला वाचवताय? अजून संताप होतो.

गाडीची किल्ली घेऊन कोल्हापूरला निघणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मेल आली होती. मघाशी त्यांच्या हातात होतं ते इंजेक्शन नेमकं तेच. त्यांनी दुसरं औषध सुरू केलं.

मी परत कोल्हापूरला फोन लावला – पाठवता येत होतं तर आधी का नाही पाठवलं, म्हणून भांडायला.

"अहो, तुमच्या आईंचा फोन आलता की," तो म्हणाला. "त्याच नंबरवरनं. ओटीपी सांगितला त्यांनी. लई तापल्या माझ्यावर. म्हणाल्या, दिवस मावळायच्या आत औषध द्या त्यास्नी, मागनं ते काय तोंडात घेणार न्हाईत."

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर अण्णा पाण्याचा थेंब घेत नाहीत, गोळीही नाही. रोज संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून आमच्या नावानं हेच ओरडायची. त्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगितलं नव्हतं, बहिणीनंही नाही.

अण्णा बरे झाल्यावर मी मुद्दाम कोल्हापूरला जाऊन आलो. ओटीपी बरोबर होता, एवढंच तिथला कॉम्प्युटर दाखवतो. मोबाइल कंपनीच्या दुकानात विचारलं, तर तो नंबर अजून कुणालाच दिलेला नाही. कुणी म्हणतं सिस्टीमचा घोळ, कुणी म्हणतं आईची माया. मला यातलं काही कळत नाही.

पण त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये बाकावर गोव्याच्या हद्दीजवळच्या कणकुंबीची एक बाई बसली होती. नवरा आत, आधीचे उपचार गोव्यात, आणि तिथली माहिती इकडे येईना. सकाळपासून ती फोनच लावत होती. आमची मेल आल्याचं तिनं ऐकलं आणि लगबगीनं उठून आली.

"दादा, तुमचं आलं व्हय? कुणाला सांगितलासा? मलाबी नंबर द्या की त्यांचा."

काय देणार होतो मी तिला? मान खाली घालून आत गेलो.

तिच्या नवऱ्याची माहितीही आली गोव्याहून. तो गेल्यावर, दुसऱ्या दिवशी.