खुटबावला ती नव्हती

देवाशी माझं भांडण कधी नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. गावच्या भैरवनाथाचा दरवाजा मी केलेला. देवळात गेलो तरी तो नीट लागतो का, एवढंच बघून यायचो. हात जोडायचं काम घरात हिचं, म्हणजे माझ्या मंडळींचं. तरुणपणी इंग्रजांच्या पलटणीत सुतार म्हणून ब्रह्मदेशात गेलो, लढाईत लाकडी पूल बांधले, आणि परतल्यावर शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी बैलगाड्या, तिफणी आणि पुढं दारं-चौकटी करत राहिलो. लोक मला मिलिटरी सुतार म्हणतात. आता नव्वदीला टेकलोय. हात कापतो, म्हणून मी सांगतोय आणि नात लिहून घेतेय.

म्हातारपणी हिला विसर पडू लागला. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग पोरांची नावं जाईनात. कधी मलाच माझे वडील समजून डोक्यावर पदर घ्यायची. एक दिवस देवापुढं दिवा लावायचंही विसरली, आणि मग ते कायमचंच झालं. त्या दिवसांत माझं मन फार कडू झालं होतं. जिनं जन्मभर दिवा लावला, तिच्याच डोक्यात यानं अंधार करावा, मग हा कसला देव, असं मी मनात म्हणायचो.

आमच्या तालुक्यातल्या सणसवाडीला नव्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. सकाळी मी ओट्यावर चौकटीला रंधा मारत होतो, ही शेजारी बसलेली. लाकडाची ट्रॉली आली, मी उतरवून घ्यायला गेलो. वळून बघतो तर ही जागेवर नाही. घर, गोठा, देऊळ सगळं पाहिलं. गावात माणूस हरवलं की आधी विहिरी बघतात. थोरला लेक विहिरीत वाकून बघायचा आणि मी लांब उभा राहून त्याच्या तोंडाकडं बघायचो. प्रत्येक विहिरीला त्यानं ‘नाही’ म्हणून मान हलवली की माझ्या छातीत जरा श्वास यायचा.

त्याआधी चार दिवस हिनं एकच धोशा लावला होता, “मला खुटबावला जायचंय, आई वाट बघतीया.” खुटबाव हिचं माहेर, भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यात. ती तिकडंच गेली असणार, याची मला खात्री वाटली. पोरांना इकडं शोधायला ठेवून मी जीप धरली आणि पूल ओलांडून गेलो. हिचे भाऊ कधीच वारलेले, घरात त्यांचा लेक, हिचा भाचा होता. तो म्हणाला, “मामा, आत्या इकडं आलीच न्हाई.” मग आम्ही दोघं उसाच्या बांधांनी फिरलो, स्टेशनात गेलो, रुळांच्या कडेनं लांबवर चालत गेलो. कुणी पाहिली नव्हती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा माझे पाय चालेनात. खुटबावच्या देवळाच्या पायरीवर बसलो. ब्रह्मदेशात छातीभर पाण्यात उभं राहून पुलाचे खांब रोवलेत, वरून गोळ्या यायच्या. तेव्हा भीती वाटली नाही असं नाही, पण तिथं हाताला काम होतं. इथं हात रिकामे होते. जन्मात पहिल्यांदा कळलं, की माझ्या हातानं आता काहीच होण्यासारखं नाही. मी आत देवाकडं बघून एवढंच म्हणालो, “माझं हात टेकलं. आता ती तुझी. जशी ठेवशील तशी.” रागानं नव्हतं, खरंच सोपवून टाकलं. भाच्यानं चहा आणला. तो मला गोड लागला.

दिवेलागणीला आमच्या गावात उतरलो. घरासमोर माणसं जमलेली दिसली आणि मनात नको ते आलं. पण गर्दी बाजूला झाली, तर ही ओट्यावर बसलेली. केस विंचरलेले, घट्ट वेणी घातलेली. शेजारी एक अनोळखी तरणी बाई, परप्रांतातली, पोटुशी. हिनं मला पाहिलं आणि त्या दिवशी नेमकं ओळखलं. म्हणाली, “अवो, कुठं गेलता? कवाची वाट बघतीया.”

ती बाई फुलमती. नवरा सणसवाडीत कंपनीत कामाला, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायची. आमची ही कुठल्याशा टमटममध्ये बसून खुटबावच्या उलट्या दिशेला गेली होती. भर बाजारात उभ्या असलेल्या म्हातारीच्या जवळून शेकडो माणसं गेली असतील, थांबली ती फुलमती एकटी. खोलीवर नेऊन जेवू घातलं, वेणी घालून दिली. हिच्या तोंडी एकच होतं, “मिलिटरी सुतार.” फुलमतीला मराठी येत नव्हती, पण तिनं नवऱ्याकरवी कंपनीतल्या पोरांना विचारलं. आमच्या शेजारच्या गावचा एक जण निघाला, त्यानं पत्ता सांगितला. मग ती स्वतः घेऊन आली. पलटणीतली हिंदी माझ्या कामी आली. मी विचारलं, तुला कसं कळलं ही वाट चुकलीय म्हणून? ती म्हणाली, “बाबा, हमार माई भी ऐसे ही निकल जाती थी.” तिची आई पुढं सापडली का, हे मला विचारवलं नाही.

पोरं म्हणाली, आता दाराला बाहेरून कडी लावू. मी लावू दिली नाही. त्यापेक्षा रोज दुपारी काम बाजूला ठेवून हिचा हात धरून मीच फिरायला नेऊ लागलो. माझ्या संसारातले ते सगळ्यात निवांत दिवस. फुलमतीच्या बाळासाठी सागवानी पाळणा केला, तो घेऊन आम्ही दोघं सणसवाडीला गेलो. हिनं बाळाला पाळण्यात घालून आपल्या आईची ओवी म्हटली, एक शब्द न चुकता.

पुढं काही वर्षांनी ही झोपेतच गेली, माझ्या शेजारी.

तो चमत्कार होता का, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही. मी खुटबावला बसलो होतो तेव्हा कुणीतरी तिकडं सणसवाडीत हिची वेणी घालत होतं, एवढंच मला ठाऊक. हात चालतात तोवर चालवावेत, थांबले की सोपवावं. दिवा आता मी लावतो. भैरवनाथाचं नाव घेतलं की पाठोपाठ तोंडात फुलमतीचं नाव येतं. देव रागावत नसावा.