मावसाजींची नवी नळी

नवी वस्तू थेट वापरता येत नाही, ती आधी 'बसवावी' लागते, या गोष्टीवर माझ्या मावसाजींइतका विश्वास ठेवणारा माणूस घाटंजी तालुक्यातच काय, पृथ्वीवर नसेल. नवी चप्पल घेतली की पहिले आठ दिवस ते ती पायात घालून अंगणात फक्त दहा पावलं चालत आणि तेल लावून ठेवून देत. नव्या कुकरला नुसत्या पाण्याच्या सात शिट्ट्या. नव्या जावयाला वर्षभर अर्धा कप चहा. "एकदम भरून देला तं बिघडते," म्हणत. जावई की चहा, हे कोणी विचारलं नाही.

पलटणीतून निवृत्त झालेल्या अशा माणसाला पीकरक्षणाच्या परवान्यावर कोरी करकरीत रायफल मिळाली, तेव्हा काय झालं असेल! रोज पहाटे ते खदानीत जायचे, मुरमाच्या ढिगाऱ्यावर एक गोळी झाडायचे आणि मग तासभर नळी पुसायचे. मावशीच्या जुन्या चादरीची चिंधी गजाला गुंडाळून आत घालायची, काळी निघाली की दुसरी. चिंधी पांढरी निघेपर्यंत दुसरी गोळी नाही. वणीच्या खाणीवर पहारा देणारे त्यांचे पलटणीतले दोस्त फोनवर ओरडायचे, "अबे, हे सगळं थोतांड आहे! झाड अन् मोकळा हो!" मावसाजी शांतपणे म्हणायचे, "तुई नळी मी पाह्यली आहे. बोलू नको."

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, आणि जे उरे ते रानडुकरं लोळवून जात. मी तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं पत्रकं लिहायची. तीन उद्गारचिन्हांशिवाय माझं वाक्य संपत नसे. गावातल्या एकुलत्या एक बंदुकीनं एकही डुक्कर पडत नाही, याचा मला भयंकर संताप आला.

"मावसाजी, कधी बसणार तुमची नळी?"

"घाई कायले करतं, बाई? नयी आहे थे. आता दामटली तं जनमभर तिरपी मारीन."

मी घरी आले आणि लिहिलं: 'बंदूक कोणाच्या बाजूची? शेतकऱ्याच्या की डुकरांच्या!!!' नाव घातलं नव्हतं. पण नळी पुसणारा दुसरा होता कोण? घाटंजीच्या बाजारात मी ते स्वतः वाटलं. भाजीवाल्या बाईनं वाचून घेतलं आणि पोट धरून हसली. मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी मावसाजींनी रायफल ठाण्यात जमा केली. पहाट गप्प झाली. पाचव्या सकाळी खदानीला लागून असलेली सगळी कपाशी आडवी दिसली. मावशीचीही.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "नळी तं दहा गोळ्यांतच बसली होती. त्यायच्यानं जनावर मारवत नाई, बाई. फौजी माणूस, सांगायची लाज वाटे. रोज एक आवाज केला का डुकरं इकडं फिरकत नोहोती. तेवढ्यासाठी माह्या चादरी फाडल्या."

मी उरलेली पत्रकं घेऊन मावसाजींकडे गेले. कशासाठी, ते मलाही कळलं नव्हतं. ते ओसरीवर सायकलची साखळी पुसत होते.

"बंदूक परत आणा, मावसाजी. मी चुकले."

"आता कायले? मी डुकरं मारत नाई, थे आता सगळ्यायले समजलं." ते आणखी थोडा वेळ पुसत राहिले. मग माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, "तुई बी नळी नयीच आहे. सुरवातीच्या गोळ्या इकडंतिकडं जातात. पण एक झाडली का पुसत जाय, बाई. तू एकदम शंभर झाडल्या."

मला रागवले असते तर बरं झालं असतं.

आता पहाटे धुऱ्यावर मी तेलाचा रिकामा डबा वाजवते. पहिले दोन दिवस डुकरं पळाली. आता ती मान वर करून बघतात, आणि पुन्हा खाऊ लागतात.